तळटीप १४ : ‘आकड्यांची परीक्षा’
१४. ‘आकड्यांची परीक्षा’ : संगणकाच्या नोकरीसाठीची कलचाचणी. प्रोग्रामर निवडायला ‘आयबीएम’ने ती १९५५ साली अमेरिकेत सुरू केली. संगणक हाताळलेली माणसेच तेव्हा मोजकी, म्हणून अनुभवाऐवजी तर्क जोखायचा. संख्यामालिका, आकृत्यांमधील साम्य आणि शाब्दिक गणिते असे तिचे तीन भाग. प्रश्न साधारण असे : २, ५, ११, २३, पुढे काय? (दुप्पट करून एक मिळवायचा, उत्तर ४७.) ऑपरेटरचे काम निराळे : कार्डांचे गठ्ठे लावणे, टेप चढवणे, प्रिंटर सांभाळणे. त्यांच्या चाचण्यांत क्रम ओळखणे आणि ठरलेल्या नमुन्यात न बसणारी नोंद झटकन हेरणे यांवर भर असे. लेखक आपल्या यशाचे श्रेय नालवाडीच्या शाळेत घोकलेल्या पाढ्यांना देतो. मला ते पटत नाही. मालिकेमागचा नियम शोधायला पाठांतर पुरत नाही, तिथे त्याची स्वतःची बुद्धी चालली आहे. नालवाडी वर्धा शहराला लागून आहे. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी केला. पुढील परिच्छेदातील ‘टकळी’चा उल्लेख त्या संदर्भात वाचावा. – संपा.