२०० तासांचा नियम आला कुठून?

आज एका नियमाचा इतिहास सांगतो. आमच्या मालेगावात कुणी प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावली की शेजारून सल्ला येतोच: "२०० तास चालू दे, मग ओव्हरक्लॉक कर." लूमच्या १२ तासांच्या पाळीनं मोजलं तर या झाल्या जवळपास १७ पाळ्या. एवढं थांबायचं कशासाठी?

आधी पेस्टचं काम बघू. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ, दोन्ही दिसायला गुळगुळीत असतात. पण मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यात हवा अडकते. हवेतून उष्णता नीट पुढे जात नाही, म्हणून पेस्ट त्या फटी भरून काढते.

आता १९९८ साल. इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर पळायचा. स्वस्तात महागड्याचं काम! ओव्हरक्लॉकिंगचं वेड वाढलं, वेगासोबत उष्णताही वाढली, आणि पेस्टकडे लोकांचं लक्ष गेलं.

पुढे आर्क्टिक सिल्व्हर ५ ही अमेरिकन पेस्ट गाजली. तिच्यात चांदीचे कण होते. कंपनीनंच सांगितलं होतं की पूर्ण परिणाम दिसायला २०० तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात प्रोसेसर बऱ्याचदा तापून निवायला हवा. तापल्यावर पेस्ट पातळ होते, फटींमध्ये शिरते आणि कण एकमेकांना भिडतात. तापणं-निवणं आपल्याकडे लोडशेडिंगनं फुकटात करून दिलं असतं म्हणा!

पण यातून मिळायचं किती? कंपनीच्याच म्हणण्यानुसार २ ते ५ अंश. आणि त्याआधी वेग वाढवला तर प्रोसेसर जळेल, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

२०१० मध्ये एमएक्स-४ आली, आर्क्टिक नावाच्या वेगळ्याच कंपनीची. तिच्यात कार्बनचे कण आहेत आणि तिला असं थांबणं लागत नाही. म्हणजे पेस्ट बदलली, नाव तेवढं सारखं वाटतं, आणि एका ट्यूबचा नियम सगळ्या ट्यूबांना चिकटला.

आता खरा हिशेब करू. समजा तुमचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० वर. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ वर गेली तर तोच ८७ वर! हा फरक १७ अंशांचा आहे. पेस्ट मुरवून मिळणारे २-५ अंश त्यापुढे काहीच नाहीत. त्यात पंख्यावर सुताचे तंतू बसले की हवा आणखी अडते.

ज्या गावानं 'मालेगाव का सुपरमॅन' हिरव्या पडद्यापुढे उडवला, तिथं एडिटिंगच्या मशीनवर अनेकांची रोजीरोटी चालते. म्हणून माझं सांगणं सोपं आहे. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा, पंखा साफ करा, वेग थोडा थोडा वाढवा आणि टेस्ट भर दुपारी घ्या. पहाटे पास झालेलं मशीन दुपारी बंद पडलं, तर ऑर्डर गिऱ्हाइकाची अडकते.