सैल जोड (मोटारीच्या हेडलाइटमधील)

चाक खड्ड्यात गेले की हेडलाइट विझतो आणि पुढच्या हादऱ्याला आपोआप लागतो. कधी नुसताच मंदावतो. या दोषाचे मूळ बहुधा विजेच्या जोडात असते. गॅरेजात याला ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण घट्ट बसलेल्या पिनेवरही गंजाचा पापुद्रा चढला की वीज अडतेच. ही नोंद हॅलोजन दिव्यांपुरती आहे.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच-४ जातीचा, १२ व्होल्ट व ६०/५५ वॉटचा बल्ब असतो. त्याला तीन पाती : अप्पर (लांबचा झोत), डिपर (जवळचा झोत) आणि दोघांची मिळून एक अर्थ (परतीची वाट). पात्यांतून सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहतो. जोडात ०.२ ओहम एवढाच रोध वाढला, तरी तिथे जवळजवळ १ व्होल्ट खर्ची पडतो आणि बल्बचा प्रकाश साधारण चतुर्थांशाने घटतो. त्या नखाएवढ्या जागेत ४-५ वॉट उष्णता साठते. तिने पिनेचा ताण जातो, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. बल्बचा असा तापलेला होल्डर उपसून पाहावा : प्लॅस्टिक तपकिरी होऊन आक्रसलेले, पाते काळेनिळे पडलेले. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पितळी पिनांवर हिरवट पूडही धरते.

अर्थ तुटल्याची खूण मजेशीर असते. डिपर लावला की त्या बाजूचा दिवा मिणमिणतो आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही अंधुक पेटतो. परतीची वाट बंद झाल्याने वीज अप्परच्या तारेतून उलटी फिरते. ही खूण ओळखता आली, तर दोन बल्बांचे पैसे वाचतात.

तपासणीत आधी डाव्या-उजव्या बल्बांची अदलाबदल करावी. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. बल्बच्या आतल्या तुटलेल्या तारेची (फिलामेंटची) टोकेही हादऱ्याने टेकतात-सुटतात. दोष जागीच राहिला तर दिवा चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचे ऋण टोक आणि बल्बचे अर्थ-पाते यांमधला दाब मोजावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ संशयित. बझरची चाचणी इथे कुचकामी : वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर ‘पीं’ करते, पण ५ अँपिअरचा भार त्या तंतूला पेलत नाही.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडवावी. किरकोळ गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो. पॉलिश पेपर जपून वापरावा, कारण पिनेवरचा कथिलाचा मुलामा निघाला की गंज लवकर परततो. करपलेला होल्डर घासत बसण्यात अर्थ नाही. सिरॅमिक होल्डर नव्या, क्रिंप केलेल्या जोडांसह बसवावा. पिळून टेप गुंडाळलेली वायर ही दुरुस्ती नव्हे. बॉडी-अर्थच्या बोल्टाखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा आणि जोड घट्ट झाल्यावर वरून ग्रीस लावावे. बल्बच्या काचेला बोट लावू नये.

दोन्ही दिवे एकदम लुकलुकत असतील, तर होल्डर उघडण्याआधी हेडलाइटचा स्विच, रिले आणि बॅटरीची टोके पाहावीत.