सराईतील मुक्काम : बुऱ्हाणपूर, १६१५

सराई म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेले बंदिस्त आवार. मधोमध मोकळे अंगण, भोवताली कमानीच्या खोल्या आणि रात्री बंद होणारा दरवाजा, अशी तिची सर्वसाधारण रचना असे. अंथरूण-पांघरूण प्रवाशाने स्वतःचे आणावयाचे. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांशी तिचे नाते जवळचे. मात्र अग्रशाळा मुख्यतः महाजन-कुळाव्यांसाठी, तर सराई कोणत्याही वाटसरूसाठी.

सराईविषयीचा एक परखड अभिप्राय तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचा आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जहांगीरच्या दरबारी जाताना नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे उतरला. कोतवालाने निशाणे मिरवीत स्वागत केले आणि सराईतील चार खोल्या नेमून दिल्या. त्या भट्टीएवढ्याच होत्या, वरून गोल, भिंतीत विटांनी बांधलेल्या, अशी नोंद रोच्या रोजनिशीत आहे. त्याने तक्रार केली. पण शाहजादा परवेझ, खानखाना अशा मोजक्यांचे वाडे वगळता गावात मातीचीच घरे होती. अखेर वकीलसाहेब स्वतःच्या तंबूत निजले.

असा शेरा वाचताना तो देणारा कोण, हेही पाहावे. रोला राजाच्या इभ्रतीला साजेशी जागा हवी होती. तांड्याबरोबर आलेल्या व्यापाऱ्याला मालाची राखण आणि बंद दरवाजा पुरेसा होता. त्याचा अभिप्राय मात्र कोणी टिपून ठेवला नाही. जहांगीरकालीन अकबरी सराई बुऱ्हाणपुरात आजही पाहता येते.