कृष्णदैवज्ञाचा प्रश्न व भास्कराचार्यांचें घनसमीकरण

दधिग्रामच्या दैवज्ञकुळाची ओळख वऱ्हाडांतील पोथीसंग्राहकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. पयोष्णीतीरींचें हें कुळ पुढें काशीस गेलें. पयोष्णी म्हणजे आमच्या चांदूर बाजार तालुक्यांतून वाहणारी पूर्णा, असें बहुधा मानतात. या कुळांतील कृष्णदैवज्ञानें इ. स. 1600 च्या सुमारास भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. त्याचा पुतण्या मुनीश्वर यानें सिद्धांतशिरोमणीवर 'मरीचि' लिहिली. या दोन पोथ्या शेजारीं ठेवून वाचाव्या, असें आमचें म्हणणें आहे.

शके 1072 च्या बीजगणितांत मध्यमाहरणाच्या प्रकरणीं एक उदाहरण आहे. राशीचा घन व राशीची बारापट यांची बेरीज ही राशिवर्गाची सहापट अधिक 35 इतकी आहे. तर राशि कोणता? दोन्ही पक्षांतून वर्गाची सहापट व 8 वजा केले कीं एकीकडे 'राशि उणे 2' याचा घन राहतो, दुसरीकडे 27. घनमूळ 3; म्हणून राशि 5. आचार्य येथें थांबतात. घनसमीकरणास मुळें तीन. परंतु उरलेलीं दोन ऋणाच्या वर्गमुळावांचून मिळत नाहींत, आणि ऋणास वर्गमूळ नाहीं, हें आचार्यांनीं आधींच सांगून ठेवलें आहे.

हें असें कां? ही कांहीं राजाज्ञा नव्हे, अशी शंका कृष्णदैवज्ञ स्वतःच काढतो आणि शंकाकारासच उलट विचारतो कीं, ऋण हा वर्ग असेल तर तो कोणाचा तें सांगा. धनाचा नव्हे, ऋणाचाही नव्हे. दोहोंचे वर्ग धनच. यास कोणी अज्ञान म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं.

या प्रश्नास उत्तर देणारी भूमितीची रीत 1797 मध्यें कास्पर वेसेल या मोजणीदारानें डेन्मार्कच्या अकादमीपुढें मांडली. संख्या एका रेषेवर न कोंडतां सपाट पृष्ठावर ठेवावी. शून्यापासूनचें अंतर व धनरेषेशीं होणारा कोन यांनीं ती ओळखावी. गुणाकारांत अंतरें गुणावीं, कोन मिळवावे. उणे 1 म्हणजे अंतर 1, कोन 180 अंश. अर्थात् तो 90 अंशांवरील एकाचा वर्ग. याच रीतीनें 27 चा कोन 0, 360 अथवा 720 अंश धरून तृतीयांश घेतला कीं अंतर 3 व कोन 0, 120, 240 अंश असीं तीन घनमुळें येतात. प्रत्येकांत 2 मिळवा: एक मूळ 5, बाकीचीं दोन म्हणजे अर्धा अधिक अथवा उणे, ऋण पावणेसातांचें वर्गमूळ. तिहींची बेरीज 6, गुणाकार 35, पडताळा जुळतो.

कोन मिळवण्याची ही युक्ति ज्यांच्या बेरजेच्या नियमावर उभी आहे, आणि तो नियम 'समासभावना' या नांवानें आचार्यांच्याच ज्योत्पत्तींत आहे. चुलत्याचा प्रश्न व पुतण्यानें विवरलेलें साधन एकाच घरांत होतीं. त्यांची गांठ मात्र पडली नाहीं. काशीस ही रीत ठाऊक होती अशी फुशारकी आम्ही मारणार नाहीं. तसली पुष्कळ ऐकूं येते. ज्योत्पत्ति गोलाध्यायाच्या अखेरीस येते. तेव्हां 'मरीचि'ची प्रत हातीं आल्यास संग्राहकांनीं आधीं शेवटचीं पानें शाबूत आहेत कीं नाहींत तें पाहावें.