वरदेची माती, कोरिंगाचा किनारा

विदर्भाला समुद्र नाही. पण विदर्भाच्या दोन जावयांची समुद्राशी मोठी गाठ पडलेली आहे. पहिले अगस्ती ऋषी. विदर्भराजाची कन्या लोपामुद्रा त्यांना दिली होती, आणि त्यांनी अवघा समुद्र पिऊन टाकला अशी पुराणकथा आहे. दुसरे द्वारकेचे श्रीकृष्ण. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीचे त्यांनी हरण केले. पुढे त्यांच्या मागे त्यांची नगरी समुद्राने गिळली, असे महाभारत सांगते. एका जावयाने समुद्र प्यायला आणि दुसऱ्याचे घर समुद्राने प्यायले! हिशेब असा चुकता झाल्यावर विदर्भाचा समुद्राशी काही संबंध उरला असेल, असे कुणाला वाटत नाही.

आम्हां वर्धेकरांना तर मुळीच वाटत नाही. वर्ध्याच्या शाळेत एखाद्या मुलाला समुद्र काढायला सांगितला, तर तो निळ्या खडूने एक आडवी रेघ ओढतो आणि वर एक होडी ठेवतो. त्याच्या लेखी समुद्र संपला. वादळ आले, किनारा खचला, हवामान बदलून समुद्राची पातळी चढू लागली, या बातम्या आम्ही परक्या घरचे दुखणे ऐकावे तशा ऐकतो. चुकचुकतो आणि पान उलटतो. मला या लेखात एवढेच सांगायचे आहे, की ते घर परके नाही. बंगालच्या उपसागराचा एक किनारा राखणारी जी भिंत आहे, तिच्यात आमची माती आहे.

कौंडण्यपूरच्या पायथ्याशी वर्धा नदी वाहते. तिचे जुने नाव वरदा, म्हणजे वर देणारी. नदीच्या पश्चिमेला अमरावती जिल्हा, पूर्वेला आमचा वर्धा जिल्हा. बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावलेली ही नदी खाली चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे पैनगंगेला भेटते. पुढे वैनगंगा येऊन मिळते, आणि तेथून दोघींचे नाव प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. नाशिक-पैठणहून आलेली गोदावरी आणि सेलू-हिंगणघाटचे पाणी मग एका अंगाने पूर्वघाट ओलांडून राजमहेंद्रीपर्यंत जातात. तेथून खाली नदीला फाटे फुटतात. त्यांतला गौतमी नावाचा फाटा काकीनाड्याच्या दक्षिणेस समुद्राला मिळतो. पवनारच्या धाम नदीत पडलेला पावसाचा थेंब वाटेत कुणी अडवला नाही, तर तेथे पोचतो.

तो थेंब रिकाम्या हाताने जात नाही. आषाढात पुलगावच्या पुलावरून ज्याने वर्धेचे पाणी पाहिले असेल, त्याला हे सांगायला नको. ते पाणी नसतेच; ती पातळ केलेली जमीन असते. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्राच्या तळातून शास्त्रज्ञांनी गाळाचे उभे नमुने काढले, तेव्हा त्यांत दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती वेगळी ओळखता आली. इतकेच नव्हे, तर गेल्या काही हजार वर्षांत पाऊसमान घटत गेले, रान कमी होऊन शेती वाढली, तसतसे त्या मातीचे प्रमाणही वाढत गेलेले दिसले. आपल्या पूर्वजांनी पहिला नांगर केव्हा धरला याची साक्ष अशी त्या दूरच्या समुद्रतळाशी पडून आहे.

या मातीचे तेथे काय होते? पुण्यामुंबईकडची मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मोहरी-हळीव पेरून हिरवळ उगवतात. नदी नेमके तेच करते. समुद्राची भरती समोरून येते, नदीचा वेग मोडतो, आणि हातातली माती ती तेथेच खाली ठेवते. त्या चिखलावर खाऱ्या पाण्यात जगणारी झाडे उगवतात. कोकणात त्यांना तिवर, चिप्पी, कांदळ म्हणतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि तयार रोप होऊनच चिखलात उतरते; लेकराला पायावर उभे करूनच घराबाहेर पाठवणाऱ्या आईसारखे. कांदळाची मुळे बुंध्यापासून कमानीसारखी पसरतात. तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. या मुळांच्या जाळ्यात पाणी शिरले की संथ होते, आणि संथ झाले की आणखी गाळ टाकते. गाळ साचला की जमीन उंचावते, आणि तिच्याबरोबर रानही पुढे सरकते.

दगडी बांध आणि ही झाडे यांत फरक आहे तो हाच. बांध घातला त्या दिवसापासून झिजू लागतो. हे रान लावले त्या दिवसापासून वाढू लागते. समुद्र वर चढला, तर दगडाला त्याचा पत्ता नसतो. पण पुरेसा गाळ मिळत राहिला, तर रान समुद्राबरोबर आपली पायरी उंचावत नेते. मात्र 'पुरेसा गाळ मिळत राहिला तर' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशीच गाठ आहे.

गौतमीच्या मुखाजवळच्या या रानाचे नाव कोरिंगा. १९७८ साली ते अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. पण कोरिंगा हे नाव जगाच्या इतिहासात रानामुळे आलेले नाही. अठराव्या शतकात ते एक गजबजलेले बंदर होते; तेथे जहाजे बांधली जात, दुरुस्त होत. १७८९ च्या डिसेंबरात वादळाने समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक गावावर आणल्या. गाव बुडाले, सुमारे वीस हजार माणसे गेली असे सांगतात. लोकांनी पुन्हा घरे बांधली. पन्नास वर्षे लोटली, आणि २५ नोव्हेंबर १८३९ रोजी समुद्र पुन्हा आला. त्या वेळची लाट चाळीस फुटांची होती असे वर्णन आहे. त्यानंतर ते बंदर पूर्वीसारखे उभे राहिलेच नाही.

पाणी अंगावर चालून येणे म्हणजे काय, हे वर्धाकाठच्या माणसाला कळते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीने नरखेड तालुक्यातले मोवाड एका सकाळी धुऊन नेले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. वरच्या अंगाला जे मोवाडने भोगले, त्याच्या कितीतरी पट खालच्या अंगाला कोरिंगाने दोनदा भोगले होते.

कोरिंगाचा हा वृत्तान्त हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने आपल्या ग्रंथात नोंदवला. कलकत्त्यात राहून वादळांचा अभ्यास करणाऱ्या या गृहस्थाने १८४८ साली एक नवा शब्द इंग्रजीला दिला: सायक्लोन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सापाचे वेटोळे. आपण चक्रीवादळ म्हणतो ते हेच. पुढे सुंदरबनात मातला नदीवर सरकारने मोठे बंदर बांधायचे योजले, तेव्हा १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहून बजावले, की या जागी वादळाची लाट एक दिवस येईल आणि सारे वाहून नेईल. कुणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८६७ च्या नोव्हेंबरात लाट आली, आणि काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन तोवर वारला होता. खरे ठरलेले भाकीत ऐकवायला भाकीत करणारा उरत नाही, हा इतिहासाचा नेहमीचाच प्रकार.

मग ही झाडे चाळीस फुटांची लाट थोपवतात काय? नाही. असा दावा जो करील, तो रानाचा मित्र नव्हे. पण आपत्ती सगळीच चाळीस फुटांची नसते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले आणि हजारो माणसे गेली. नंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावागावांचा हिशेब मांडला गेला. ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यू कमी झाले होते. त्याच अभ्यासात असेही दिसले, की वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून अधिक माणसे वाचवली. म्हणजे रानाने सरकारला सुट्टी मिळत नाही. दोघांनीही आपापला पहारा करायचा असतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही विद्या जुनी आहे. गोव्यातल्या खाजन जमिनी शतकानुशतके खाडीचा चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांच्या बांधांनी राखल्या गेल्या. बांधातल्या 'मानशी'ची लाकडी दारे भरतीच्या रेट्यानेच मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. बांधाबाहेर लाटेचा पहिला मार खायला तिवरे असत, आणि डागडुजी गावकरी मिळून करीत. आपल्या राज्यात मात्र खाडीकाठच्या या रानाला बरीच वर्षे निरुपयोगी दलदल समजण्यात आले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची तोड थांबवली. २०१२ साली सरकारने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. त्याच वर्षी ३ जून रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलेल्या वादळाचे नाव होते 'निसर्ग'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही नसेल. पण वाचणाऱ्याला अर्थ लागायचा राहत नाही.

आता त्या 'पुरेशा गाळा'कडे वळतो. गोदावरीवर धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ मध्ये बंधारा पुरा केला, आणि दुष्काळाने गांजलेला तो प्रदेश भाताचे कोठार झाला. पुढे आपणही धरणे बांधली. १९६५ मध्ये बोर, १९७६ मध्ये जायकवाडी, १९९३ मध्ये मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा, नंतर आर्वी तालुक्यात निम्न वर्धा. या धरणांना मी नावे ठेवणार नाही. आमच्या घरचा नळ त्यांच्याच जिवावर वाहतो. पण धरण पाण्याबरोबर मातीही अडवते. गेल्या काही दशकांत गोदावरी समुद्राला जो गाळ देते, त्यात मोठी घट झाली आहे. मुखाशी जमीन पूर्वीसारखी पुढे सरकत नाही. काही ठिकाणी समुद्रच आत येतो आहे. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा नावाचे कोळ्यांचे आणि विणकरांचे गाव आहे. तेथली घरे वर्षानुवर्षे समुद्रात जात आहेत. त्याला कारणे अनेक आहेत. पण किनाऱ्याला मिळणारी माती आणि वाळू तुटणे हे त्यांतले एक. वाळू भरलेल्या मोठ्या नळ्यांची भिंत तेथे घातली. लाटांनी तीही फोडली.

येथे कुणी विचारील, की शेतातली माती शेतात राहावी म्हणून आम्ही बांधबंदिस्ती करतो, आणि तुम्ही ती समुद्राला द्या म्हणता! प्रश्न रास्त आहे. शेताची माती शेतातच राहिली पाहिजे. नदीला तिचा वाटा डोंगर-काठांतून आपला आपण मिळतो. पण आज धरणाच्या तळाशी जी माती बसली आहे, ती ना शेतकऱ्याची ना समुद्राची. ती फक्त धरणाचे पोट भरते. २०१७ साली राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली, ती शेतापुरती चांगली. नदीच्या वाट्याचा विचार मात्र अजून कुणी करीत नाही.

आणि हा विचार वर्ध्याने करावा हेच योग्य. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्याचे घर झाले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये तुरुंगात बसून 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. निसर्गाच्या व्यवहारांवरून त्यांनी माणसांच्या व्यवहाराच्या पायऱ्या लावल्या: कुणी दुसऱ्याला खाऊन जगतो, कुणी आयते ओरबाडतो, कुणी पक्ष्यासारखे कष्टाने घरटे बांधतो, कुणी मधमाशीसारखे सर्वांसाठी साठवतो, आणि सर्वांत वर, परतफेडीची आशा न धरता पिलाला भरवणारी आई. जे निसर्गाच्या चक्रात बसते तेच टिकते, हे त्यांचे म्हणणे. कुमारप्पांनी कोरिंगाचे रान पाहिले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. त्यांची वरची पायरी त्या चिखलात उभी आहे.

वरदेने वर दिला तो दोन्ही टोकांना: आम्हांला कापूस, कोरिंगाला किनारा. वरच्यांनी आपला वर घ्यावा आणि खालच्यांचा अडवावा, हे शेजारधर्माला धरून नाही. धरणांची दारे केव्हा आणि किती उघडायची याची बैठक दरवर्षी पावसाळ्याआधी भरते. तेथे पाण्याच्या हिशेबाशेजारी मातीच्या हिशेबाचा एक रकाना आखला जावा, एवढीच माझी मागणी. खाली कुणाचे तरी घर त्या रकान्यावर उभे आहे.