होतकरूंची पारख : छावणीपासून लिलावापर्यंत

जबलपूरच्या मैदानावर एखादा मुलगा आज स्टिक हाती घेतो, तेव्हा त्याच्या पुढे हॉकीची अकादमी असते, राज्याचा संघ असतो आणि व्यावसायिक लीगचा लिलावही असतो. ही वाट कशी पडली, ते पाहायला आपण शंभर वर्षे मागे जाऊ. जबलपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. १९०४ साली तिथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, छावणी तर त्याआधीपासूनच होती. पलटणींबरोबर हॉकीही आली. समेश्वर सिंग या सैनिकाच्या घरी ८ सप्टेंबर १९०८ रोजी रूपसिंगचा जन्म झाला, तो याच गावात. खेळाडू पारखणारी पहिली संस्था होती पलटण.

रूपसिंगचा थोरला भाऊ ध्यानचंद १९२२ मध्ये, सतराव्या वर्षी, पहिल्या ब्राह्मण पलटणीत शिपाई झाला. त्याला हॉकीचे पहिले धडे दिले सुभेदार मेजर बाळे तिवारी यांनी. पुढे ध्यानचंदचे नाव जगभर झाले, तिवारींचे मात्र विस्मरणात गेले. खरे तर भारतीय हॉकीतल्या पारखींच्या परंपरेचे मूळपुरुष म्हणून त्यांचेच नाव घ्यायला हवे. पोरातले कसब त्यांनी ओळखले आणि ते घडवण्याचा भारही उचलला. चारच वर्षांनी, १९२६ मध्ये, सैन्याच्या संघातून ध्यानचंद न्यूझीलंडला गेला. त्या दौऱ्यात संघाने २१ पैकी १८ सामने जिंकले.

दरम्यान १९२५ मध्ये ग्वाल्हेरला भारतीय हॉकी महासंघ स्थापन झाला आणि निवड पलटणीच्या कुंपणाबाहेर आली. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा भरली. पाच संघांत मध्य प्रांताचाही संघ होता. चारचौघांदेखत झालेली ही पहिली मोठी परीक्षा. तीही अचूक नव्हती, कारण बोटीवर चढण्यापूर्वी याच निवडक संघाला मुंबईने ३–२ असे हरवले. तोच संघ पुढे सुवर्णपदक घेऊन परतला. १९३२ च्या ऑलिंपिकच्या वेळी ध्यानचंदला चाचणी स्पर्धेसाठी रजाच मिळाली नाही, तेव्हा त्याला न खेळवताच निवडले गेले. रूपसिंग मात्र स्वतःच्या खेळावर संघात आला आणि लॉस एंजेलिसला अमेरिकेवरच्या २४–१ अशा विजयात त्याने एकट्याने १० गोल केले.

पुढची दोन वळणे आपल्याला माँट्रियलला नेतात. आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगने १९६३ मध्ये तिथे पहिला ड्राफ्ट घेतला आणि सहा क्लबांनी मिळून २१ पोरांवर हक्क सांगितला. क्लबांनी होतकरू खेळाडूंवर आळीपाळीने हक्क सांगण्याची रीत तिथे रुळली. त्याच शहरात १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. भारत सातवा आला. मातीवरच्या नजाकतीइतकेच वेग आणि दमसास महत्त्वाचे ठरू लागले, निवडीचे निकषच बदलले. तरीही दारूगोळा कारखान्याच्या खडकीतून, मोडक्या स्टिकने खेळत मोठा झालेला धनराज पिल्ले १९८९ मध्ये भारताकडून खेळला आणि चार ऑलिंपिक गाजवून गेला. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली आणि खेळाडूच्या कसबाला लिलावात भाव मिळू लागला.

या साऱ्या वाटा अकोल्यात एकत्र येतात. तिथल्या एका स्पर्धेत इटारसीजवळच्या चांदोन गावचा एक किरकोळ अंगाचा मुलगा अशोककुमार यांच्या नजरेत भरला. अशोककुमार म्हणजे ध्यानचंदचे चिरंजीव, १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारे. त्यांनी त्या मुलाला भोपाळच्या अकादमीत आणले, सुरुवातीला आपल्याच घरी ठेवून घेतले. पुढे त्याचे कॉलरबोन मोडले, शस्त्रक्रियेनंतर प्रकृती ढासळली. त्याचा लिलाव झाला असता, तर त्या दिवसांत त्याच्यावर कोणी बोली लावली असती का? तो विवेक सागर प्रसाद. २०१८ मध्ये, अठरा पूर्ण होण्याआधीच, तो भारताकडून खेळला. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकची कांस्यपदके त्याच्या नावावर आहेत.

तिवारींपासून अशोककुमारांपर्यंतचा हा क्रम पाहिला की एक गोष्ट लख्ख दिसते. स्पर्धा, चाचण्या, लिलाव ही साधने वाढत गेली आणि ती हवीतच, कारण त्यांच्यामुळे दूरच्या गावातल्या पोरालाही दार उघडते. पण ती आज काय आहे तेवढेच मोजतात. उद्या काय होईल, हे बरेचसे पारखणाऱ्यावरच अवलंबून असते. ज्याला निवडले, त्याच्या पडत्या काळातही जो त्याचा हात सोडत नाही, त्याचाच अंदाज खरा ठरतो.