पेटीतलं पातं

लाकडाची जेमतेम बोटाएवढी नळी. एका टोकाचं टोपण काढलं की आत बारीक पातं आणि दुसऱ्या टोकाच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळट खडे. साप चावला की पात्याने दंश चिरायचा आणि ओले केलेले खडे जखमेत चोळायचे. सर लॉडर ब्रंटन, सर जोसेफ फेरर आणि कलकत्त्याचे लिओनार्ड रॉजर्स यांनी 1904 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ही युक्ती मांडली. काचेच्या नळीत परमँगनेट विषाचा नाश करतं हे खरंच होतं. शिवाय वस्तू स्वस्त, खिशात मावणारी आणि कोणालाही वापरता येण्याजोगी. सरकारला आणखी काय हवं?

मी ही नळी, म्हणजे सर्पदंशाची लॅन्सेट, पाहिली ती सातपूरच्या एका कारखान्यात. स्टोअर्सच्या चाव्यांबरोबर प्रथमोपचार पेटीची चावीही माझ्याकडे असायची. 1948 च्या कारखाने कायद्याचं 45 वं कलम सांगायचं की दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी हवी, आणि नेमून दिलेल्या वस्तूंखेरीज तिच्यात काहीही ठेवायचं नाही. नेमून देण्याचं काम राज्यांच्या नियमांचं. अनेक राज्यांच्या यादीत आयोडीन आणि कापसाच्या शेजारी सर्पदंशाची लॅन्सेट बसलेली असे. लेथवर बोट कापलं, डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, हे आमचे रोजचे अपघात. साप कुठून येणार? पण तपासणीला माणूस आला की तो आधी यादीवर टिकमार्क करायचा, म्हणून ते पातं मी पुसूनपुसून ठेवत असे. यादीत एकदा शिरलेली वस्तू सहसा बाहेर पडत नाही, हे मी सरकारी कागदांच्या सहवासात शिकले.

लॅन्सेटने किती जण वाचले कोण जाणे. दंश बिनविषारी असेल किंवा विष पुरतं उतरलं नसेल, तर श्रेय आपोआप पात्याला जायचं. विष शरीरात पसरलं की वरवर चोळलेले खडे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, मांस मात्र जाळतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला चिरा देणं म्हणजे नवा रक्तस्राव ओढवून घेणं.

त्याच पेटीतल्या त्रिकोणी पट्टीकडे मात्र कोणी वळून बघत नसे. जर्मनीतल्या कील शहरातले शल्यचिकित्सक फ्रीडरिश एसमार्क यांनी ती लोकप्रिय केली. ती कशी बांधायची याची चित्रं पट्टीवरच छापलेली असत, म्हणजे शिपायाने आपल्याच सोबत्याला बांधावं. 1882 मध्ये त्यांनी सामान्य लोकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग काढले. त्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर राणी व्हिक्टोरियाच्या मुलीने, हेलेनाने केलं. मीटरभर चौरस कापड कर्णावर कापलं की दोन पट्ट्या होतात. झोळी करा, गुडघा बांधा, फळी आवळा.

परवा निफाडच्या भाच्याने द्राक्षबागेतल्या मजुरांसाठी ऑनलाइन एक पेटी मागवली आणि मला दाखवायला आणली. अडीचशे रुपयांत झिपवाली लाल पिशवी. आत चिकटपट्ट्याच जास्त, गॉजचे दोन तुकडे आणि खेळण्यातली वाटावी अशी कात्री. जुन्या जीन्सच्या शिवणीवर चालवून पाहिली, तर पाती एकमेकांवरून सरकली, दोरा काही तुटला नाही. ती काढली. बायकांच्या पायात जोडवी असतात, पोरांच्या घोट्याला काळा दोरा. साप पायाला चावला तर सूज चढायच्या आत जोडवी उतरवायची, दोरा कापायचा, त्याला खरी कात्री लागते. जुन्या धोतराच्या धुतलेल्या सहा त्रिकोणी पट्ट्या घातल्या, दोन फळ्या, हातमोजे, ओआरएस, चावल्याची वेळ टिपायला पेन. साप चावलेला पाय मोडलेल्या पायासारखाच फळीला बांधायचा, रक्त अडेल असा करकचून नाही, आणि माणसाला चालवायचं नाही.

“आत्या, ब्लेड नको का?” त्याने विचारलंच. नको म्हटलं. त्या जागी पुठ्ठ्यावर 108 लिहिलं आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे आहे का, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी फोन करून विचार, असंही बजावलं.